थेंब बसला पाहिजे

माझ्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात जगातली एकही गोष्ट तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघितल्याशिवाय खरी मानली नाही. भिंत, फळी, जेवणाचं ताट, दगडाचा देव, हळद लागलेली नवरी, शेवटी माझी बी.ए.ची डिग्रीसुद्धा, सगळ्यांना त्यांच्या थेंबाखालून जावं लागलं. थेंब पसरला की ते म्हणत, "बसला." गोळी होऊन राहिला की म्हणत, "उभा हाय." एवढ्या दोन शब्दांत त्यांनी जगाची वाटणी करून टाकली होती. तिसरा शब्द त्यांना लागत नसे, आणि दुसऱ्या कुणाला लागला तर त्याची त्यांना कीव येई.

पण त्यांचं सांगायचं तर आधी आमच्या घराचं सांगितलं पाहिजे. रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीदकडे जाताना मध्ये आमचा कोळीवाडा लागतो. त्यात अगदी टोकाचं, झावळ्यांनी शाकारलेलं घर आमचं. आजोबांची होडी कोर्लईच्या खडकांवर फुटली आणि त्या दिवसापासून आमचं घर नाखव्याचं राहिलं नाही, खलाशाचं झालं. कोळीवाड्यात या दोन शब्दांत किती अंतर आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. ज्याची होडी त्याची तो नाखवा, आणि दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढतो तो खलाशी. वाड्याची बैठक भरली की नाखवे चटईवर बसत, बाबा दारातल्या खांबाला टेकून उभे राहत. आई सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन डोंगराच्या आतल्या गावांना जाई, आणि विकली गेली नाही तर तीच सुकट आम्ही पेजेबरोबर खात असू. अक्षर म्हणून घरात कुणी ओळखत नव्हतं. ताऱ्यांवरून घरची दिशा काढणारे माझे बाबा अलिबागच्या बाजारात पाट्यांखालून जाताना नजर खाली घालत. मी हे लाजून सांगत नाही. आम्ही जसे होतो तसं सांगतो.

अशा घराचे जावई आतोबा. ते मूळचे कोळीच, पण होडीत पाय ठेवला की त्यांना ओकारी येई. कोळ्याच्या पोटी जन्मून समुद्र न सोसणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. तरुणपणी एकदा त्यांना जबरदस्तीनं मासेमारीला नेलं, तेव्हा त्यांनी जाळ्यात आधी स्वतःचं सगळं जेवण टाकलं, असं बाबा सांगत. मग ते मुंबईला एका पाट्या रंगवणाऱ्याकडे राहिले, हात बसवून परत आले, आणि मुरूडपासून नागावपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या आणि होड्यांची नावं रंगवू लागले. सदऱ्याच्या खिशात अत्तराची एक रिकामी कुपी असे, तिच्यात विहिरीचं पाणी. आणि कानावर नारळाच्या पातीचा हीर, आपल्या खराट्यात असतो तसा. हीर कुपीत बुडवायचा, टोकावर थेंब धरायचा, फळीवर अलगद टेकवायचा आणि श्वास रोखून बघायचं. आत्याचं नाव हिरा. त्यामुळे वाड्यातल्या बायका त्यांना बघितलं की म्हणत, "कानावर हीर आनि घरात हिरा, भावोजींना काय कमी हाय?" त्यावर ते गंभीरपणे सांगत, "हीर वाकतो. हिरा वाकत न्हाय."

थेंबाची चाल त्यांनी जितकी बघितली तितकी कुणी स्वतःच्या पोरांचीही बघत नसेल. रंग उभा-आडवा फासला की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी ते बोलत नसत. "रंग म्हंजे काय? थेंबांची पंगत," ते म्हणत. "पाट नीट मांडला तर मंडळी बसतात. न्हायतर उठून जातात." घोटीव पाटीवर गोडेतेलाचा एक थेंब टाकून ते ओसरीवर आख्खी दुपार बसून राहत. थेंब पहिल्यांदा धावतो, मग चालतो, मग एका जागी बसून विचार करायला लागतो, पण थांबत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. तो म्हणे जितका पसरतो तितका हळू होतो. आणि थेंबाची कड आपल्याला दिसते त्याच्याही पुढं एक पातळ ओल गेलेली असते, डोळ्यांना न दिसणारी, असंही ते सांगत. "दिसत न्हाय तर तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "तुझी आत्या हाक मारायच्या आधी मना कळतं, तसं," ते म्हणाले. मी पुढे अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो, त्यामुळे त्यांचा सिद्धांत खरा की खोटा हे मला आजही सांगता येणार नाही.

लिहिण्यात मात्र ते एका बाबतीत कुणाचं ऐकत नसत. दीर्घ वेलांटी त्यांना मान्य नव्हती. दीर्घाची उभी रेघ अक्षराच्या उजवीकडे येते, तिथं कुंचला संपत आलेला असतो, आणि उरलेला रंग त्या रेघेवरून ओघळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या सगळ्या पाट्यांवर सगळ्या वेलांट्या ऱ्हस्व. 'भात गिरणि', 'सोडावॉटर फॅक्टरि', 'श्रि मारुति'. जंजिरा संस्थान विलीन झालं तेव्हा जुन्या पाट्या बदलायचं भरपूर काम निघालं आणि आतोबांनी त्या सपाट्यात आमच्या भागातला दीर्घ ईकार जवळजवळ नाहीसा केला. शाळेच्या मास्तरांनी रस्त्यात गाठून विचारलं, "अहो, मुलं पाट्या वाचून चुकीचं शिकतात, त्याचं काय?" आतोबा म्हणाले, "मास्तर, पोरांची चूक तुम्हाला पुसता येते. ओघळ मना पुसता येत न्हाय."

पहिल्या निवडणुकीत एका उमेदवाराचं चिन्ह रंगवायचं काम त्यांना मिळालं. भिंत नुकती चुन्यानं सारवलेली, वर कुणीतरी गाडीचं वंगण पुसलेलं. आतोबांनी हीर टेकवला आणि मान हलवली. "साहेब, या भितीवर तुमी उभं ऱ्हाल. बसायचं न्हाय." उमेदवार खूश होऊन म्हणाला, "अहो, उभाच तर राहिलोय मी! बसायला कोण आलंय?" बरोबरचे लोक हसले. आतोबा हसले नाहीत. त्यांनी सांगितल्या पैशात सांगितलं तसं रंगवून दिलं. मतदानाच्या आधीच त्या चिन्हाचे पापुद्रे निघाले, आणि पुढे उमेदवारही पडला. तेव्हापासून आमच्या वाड्यात कुणी निवडणुकीला उभा राहिला की म्हातारे विचारत, "आतोबांना भित दावली काय?"

त्यांचा थेंब नेहमी खरं बोलायचा असं मात्र नाही. माझ्या चुलत बहिणीचं स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलाच्या घरी ताटात कपबश्या मांडून चहा आला. आतोबांनी बशीत न ओतता आधी ताटाच्या कडेला थेंब टाकला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "उभा हाय. या घरात ताटं नीट घाशीत न्हाईत. पोरीचे हाल हुतील." मुलाची आई पदर खोचून उठली, बाबांनी हात जोडले, आईनं आतोबांचा सदरा मागून ओढला. ते लग्न कसंबसं झालं, आणि माझी ती बहीण आज तिथे इतकी सुखात आहे की माहेरी यायचं नाव काढत नाही. आतोबांना हे कुणी सुनावलं की ते म्हणत, "पोरगी गेल्यावर ताटं घासाया लागली आसतील." मारुतीच्या देवळातही तेच. रविवारी सकाळी त्यांनी देवावर पाण्याचा थेंब टेकवला आणि पुजाऱ्याला सांगितलं, "आज देव पानी घेत न्हाय. काल शनवार, लोकांनी तेल पाजलंय." पुजारी म्हणाला, "आतोबा, देवाला तरी सोडा." ते म्हणाले, "मी कुठं धरलाय? मी फक्त इचारतोय."

या सगळ्यावर त्यांना बोलू शकणारं माणूस एकच होतं, ती माझी आत्या. आई सांगते, त्यांच्या लग्नात हळद लागल्यावर नवरदेवानं हळूच हीर काढला आणि नवरीच्या गालावर पाण्याचा थेंब टेकवला. थेंब मोत्यासारखा उभा. नवरदेव म्हणाला, "हळदीत तेल जास्त झालंय." आत्या मान वर करून म्हणाली, "मग पुसा ना. हात काय भाड्यानं दिलेत?" आणि अशी हसली की तो थेंब ओघळून खाली पडला. त्यांचा संसार तसाच गेला. त्यांनी थेंब टाकायचा, तिनं हसून पाडायचा. आमच्या आवाराला लागूनच त्यांची झोपडी होती. संध्याकाळी ते पाट्या रंगवून आले की आत्या हात पुढे करून विचारी, "आज बगितला न्हाय. मी बसले का उभी?" आतोबा गंभीरपणे तिच्या तळव्यावर हीर टेकवत. मासे कापलेल्या हातावर थेंब कधी बसत नसे. ते म्हणत, "उभी हायस." ती म्हणे, "मग जेवान कोन वाढनार? बसते कशी!"

आत्या तापानं गेली. आतोबा त्या दिवशी अलिबागला एका दुकानाची पाटी रंगवायला गेले होते, संध्याकाळी येतो म्हणून सांगून. फळी ओलट होती, थेंब मनासारखा बसेना, म्हणून ते रात्रीचे तिथेच राहिले आणि सकाळी रंग देऊन निघाले. खाडीच्या काठावर तरीच्या होडीची वाट बघत असतानाच पलीकडून आलेल्या माणसानं त्यांना निरोप दिला. ते आले, सगळं केलं, आणि त्याविषयी कधी काही बोलले नाहीत. फक्त अलिबागच्या पाट्या घ्यायचं बंद केलं. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागे लागले तेव्हा म्हणाले, "एकदा बसलेला रंग खरवडायचा न्हाय."

जायच्या आधी आत्यानं आपल्या पाटल्या काढून बाबांच्या हातात दिल्या होत्या. "दादा, होडी कर," एवढंच म्हणाली होती. बाबांनी त्या आतोबांपुढे ठेवल्या. आतोबांनी हातही लावला नाही. "तिनं होडी सांगितलीय. होडीच करा." त्या पाटल्या आणि बाबांची दुसऱ्यांच्या होडीवरची कित्येक वर्षं, या दोन्हीतून शेवटी आमच्या दारापुढच्या वाळूत, झावळ्यांच्या मांडवाखाली, फणसाच्या लाकडाची होडी उभी राहिली. मी तेव्हा मुंबईत शिकवण्या करून कॉलेजात जात होतो. बाबांचा निरोप आला, नारळी पौर्णिमेला होडी उतरवायची आहे, ये. मी कुणाला न विचारता निघालो.

आमच्या वाड्यात मानतात की नाव नसलेल्या होडीचा नारळ समुद्र घेत नाही. होडीच्या पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो, त्या नाळीवर नाव लागलं पाहिजे, आणि ते पौर्णिमेच्या आत. पौर्णिमेला होडी पाण्यात गेली नाही तर ठरवलेले खलाशी दुसऱ्या नाखव्याकडे जाणार, हंगाम बुडणार, आणि बाबांना पुन्हा कुणाच्या तरी होडीवर जाळं ओढायला जावं लागणार. बाबांचे केस तोवर पांढरे झाले होते. आणखी एक वर्ष वाट बघायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती, हे ते बोलत नव्हते पण घरात सगळ्यांना कळत होतं. नाव काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता. हिरावती.

आतोबांनी फळी काचकागदानं घासली, हीर कुपीत बुडवला, थेंब टेकवला. बाबा शेजारी उभे.

"बसला का, भावोजी?"

"उभा हाय."

"उंद्या बसंल."

दुसऱ्या दिवशीही उभा. आतोबांनी पुन्हा घासलं, कापडानं पुसलं, दुपारभर उन्हाची वाट बघितली. थेंब टेकवला की गोळी होऊन राही आणि नाळीच्या वळणावरून घरंगळून जाई. बाबांनी एकदा न राहवून सांगितलं, "थोडा उभा आसला तरी लावा ना रंग. नाव दिसल्याशी मतलब." आतोबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बाबा तिथून निघूनच गेले. दुसरा कुणी रंगारी असता तर बाबांनी त्याला कुंचल्यासकट खाडीत घातला असता, पण हा घरचा जावई. त्याला ताटावर बसवून आग्रह करायचा असतो, रागवायचं नसतं. मग बाबा सगळा राग माझ्यावर काढत. "तू कॉलेजात जातोस ना? सांग त्याला!" मी काय सांगणार? मी म्हटलं, "आतोबा, रेवदंड्याहून दुसरा रंगारी आणू का?" ते म्हणाले, "आन. त्याला तरी बसू देती का बघ." देती का. ही 'ती' कोण, म्हणून मला तो शब्द तेव्हा खटकला, पण मी सोडून दिला.

एक म्हातारा खलाशी येऊन नाळीसमोर उभा राहिला. "काय नाखवा," तो बाबांना म्हणाला, "होडी उतरवतोस का आमी दुसरीकडं बगू?" नाखवा हा शब्द त्यानं जरा ओढून उच्चारला. पौर्णिमा परवावर आली होती.

त्या दुपारी मी आणि आई मांडवाकडे निघालो. आईच्या हातात आतोबांचं जेवण. मांडवाच्या झावळीआडून आवाज आला म्हणून आम्ही थबकलो. आतोबा नाळीवर हात ठेवून बोलत होते. "हिरे, मी निघालो हुतो गं. सांजचाच निघालो हुतो. फळी ओली हुती, म्हनलं सकाळी एक हात देऊन जातो. मना काय म्हाईत तू थांबनार न्हाईस. आता रागाव माज्यावर, पर दादानं काय केलंय? त्याची होडी आडवू नकोस. बस, बाय. एकदा बस." मग त्यांनी हीर काढला आणि थेंब टेकवला. थेंब उभाच राहिला. आतोबांनी फळीला कपाळ टेकवलं.

मी परत फिरणार होतो. आई मात्र ताट माझ्या हातात देऊन सरळ पुढे गेली.

"भावोजी, ती रुसलेली न्हाय."

आतोबांनी मान वर केली.

"तेल मी लावते," आई म्हणाली. "रोज सकाळी, तुमी यायच्या आदी. तेल आनि हळद. पिवळं दिसू नये म्हनून पुसून घेते."

"तेल?" आतोबा म्हणाले. "कशाला, वैनी?"

"नवरी हाय ती. पान्यात जानार. नवरीला हळद न लावता धाडू? हिराबायच्या नावाची होडी, आनि हळदीबिगर?"

मला वाटलं होतं की ते चिडतील, नाहीतर हसतील. त्यांचा चेहरा मात्र काहीतरी हरवल्यासारखा झाला.

"म्हंजे ती रुसली न्हवती."

"न्हवती."

"मग इतकं दिस मी बोलत हुतो ते?"

"तिच्याशीच बोलत हुता," आई म्हणाली. "ऐकत आसंल की ती. रुसलेलं मानूस कुठं ऐकतं?"

आतोबांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग एकदम त्यांच्यातला रंगारी जागा झाला. "वैनी, तेल खोबऱ्याचं का गोडं?"

"खोबऱ्याचं."

"मग राख लागंल. चुलीतली चाळून द्या. आनि पानी कडत."

आम्ही सगळ्यांनी मिळून राख आणि कढत पाण्यानं ती नाळ घासली. बाबाही आले, त्यांना कुणी काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही, नुसते घासायला बसले. दुसऱ्या दिवशी श्रावणातलं ऊन चांगलं पडलं आणि फळी कोरडी खडखडीत झाली. आतोबांनी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून हीर काढला. थेंब फळीला टेकला आणि क्षणात सपाट झाला, धावला, मग चालायला लागला. आतोबा वाकून बघत राहिले. "बसला," ते म्हणाले, पण नेहमीसारखं जाहीर करून नाही, अगदी हळू.

ओल सुकू दिली आणि मग त्यांनी रंग घेतला. मी मागे उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता हे 'हिरावति' लिहिणार. पहिली वेलांटी ऱ्हस्व, ती बरोबरच. मग रा, मग व, मग त. त काढल्यावर त्यांचा हात थांबला. मी जीभ चावली. त्यांनी कुंचला पुन्हा रंगात बुडवला आणि 'त'च्या उजवीकडे वरून खालपर्यंत, सावकाश, एक उभी रेघ ओढली, वर वेलांटीचं वळण दिलं. दीर्घ. त्यांच्या हातून झालेली पहिली आणि शेवटची. रेघेच्या तळाशी रंगाचा थेंब जमला. तो ओघळेल म्हणून ते कुंचला धरून वाट बघत राहिले. तो ओघळला नाही.

नाव झाल्यावर 'ती'च्या पुढे त्यांनी एक रुपयाएवढा गोल कोराच ठेवला आणि भोवती लाल कड काढली. "वैनी," त्यांनी आईला हाक मारली, "तुमची हळद हितं. दर साली. पर या कुंकवाच्या भाईर बोट जाता कामा न्हाय." आईनं लगेच हळद-तेल आणलं आणि त्या गोलात बोट टेकवलं.

पौर्णिमेला होडी उतरवताना सगळा वाडा गोळा झाला. नाळीवर नाव होतं, पण ते वाचणार कोण? बाबांनी माझ्याकडे बघितलं. परवाच टोचून गेलेला तो म्हातारा खलाशी ओरडला, "वाच रं कॉलेजवाल्या, काय लिवलंय!" मी वाचलं. हिरावती. मग बायकांनी म्हटलं, हिरावती. खलाशांनी म्हटलं, आणि सगळ्यांच्या शेवटी बाबांनी म्हटलं, नाखव्याच्या आवाजात. आतोबा पाण्यात पायही न घालता वाळूत उभे होते. त्यांना नुसतं होडी हलताना बघूनही ओकारी येते, असं सांगून ते घरी निघून गेले.

पुढे दरवर्षी आई त्या गोलात हळद-तेल लावत गेली, आणि दरवर्षी आतोबा नाळीपाशी वाकून बघत. तेलाचा डाग लाल कडेखालून हळूहळू लाकडात पसरत होता. "चाललाय," ते मला म्हणत. "आता चालतो पन न्हाय, इचार करतो. पर थांबलेला न्हाय." त्यांचा हात कापायला लागला तेव्हा त्यांनी पाट्या सोडल्या, पण हिरावतीकडे बघणं सोडलं नाही. मी बी.ए. झालो आणि डिग्री काचेच्या चौकटीत घालून घरी आणली. आईनं ती काच चुलीतल्या राखेनं लखलखीत पुसली. आतोबा काठी टेकत आले, कानावरचा हीर काढला, कुपीत बुडवला आणि कापत्या हातानं काचेवर टेकवला. थेंब पसरला. "बसली रं तुजी डिगरी," ते म्हणाले, आणि मला जवळ घेतलं. पदवीदान समारंभात माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

आतोबा गेले त्याला अजून फार दिवस झाले नाहीत. त्यांच्या कानावर शेवटपर्यंत हीर होता, आणि तो काढायचा की नाही यावर बायकांमध्ये थोडा वाद झाला. आईनं काढू दिला नाही. त्या पावसाळ्यात होडी वर ओढली तेव्हा मी नाळीपाशी जाऊन बघितलं. तेलाचा डाग 'ती'च्या उभ्या रेघेपर्यंत पोचलेला होता. रंग तिथं किंचित काळपट झाला आहे, पण उकललेला नाही. डागाच्या पुढं आणखी काही गेलं आहे का ते मी वाकून बघितलं. मला काही दिसलं नाही, पण मी बराच वेळ बघत राहिलो.

माझे बाबा नाखवा झाले. माझ्या आत्याचं नाव तिच्या होडीवर लागलं आणि अजून वाचता येतं. ते ज्यानं पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं, तो मी, आमच्या घरातला पहिला पदवीधर.